क्यूजीआयएसवर गावाचं फायबर जाळं कसं आखायचं: बेळगाव सीमाभागातल्या नवख्यांसाठी

फायबरचा नकाशा शिकायला बसणाऱ्या बहुतेकांना वाटतं, की तो केबल टाकणाऱ्यासाठी काढायचा. पण केबल टाकायचं काम काही महिन्यांत उरकतं. त्यानंतर वर्षानुवर्षं तो नकाशा लागतो तुटलेली केबल शोधणाऱ्या लाइनमनला. खानापूरच्या पावसात झाड पडतं, निपाणीकडे उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यावरची वायर ओढून नेते, गल्लीत नळाची पाइप टाकायला जेसीबी येतो. मग कुणाला तरी बॅटरीच्या उजेडात नेमकी जागा शोधावी लागते. खालची प्रत्येक पायरी त्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. केबल व्यवसायातली नवी पोरं, डिप्लोमा करणारे विद्यार्थी, गावात इंटरनेट द्यायचं ठरवलेले छोटे व्यावसायिक अशा सगळ्यांना यातून काम सुरू करता यावं, एवढा हेतू.

नकाशे काढायचं सॉफ्टवेअर म्हणून क्यूजीआयएस घ्या. ते मोफत आणि मुक्त आहे, २००२ पासून जगभरातले लोक ते वाढवत आले आहेत, आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. आपल्याकडे बरेच केबलवाले गूगल अर्थवर रेघा आणि पिना टाकून काम भागवतात. पहिल्या अंदाजाला ते पुरतं. पण 'या क्लोजरमध्ये (केबल जोडायच्या पेटीत) किती कोअर (केबलमधले फायबरचे धागे) मोकळे आहेत' किंवा 'या फीडरवर (गावाकडे येणाऱ्या मुख्य केबलवर) किती घरं आहेत' असं विचारलं की तिथे उत्तर मिळत नाही, कारण ती रेघ नुसती रेघ असते. क्यूजीआयएसमध्ये प्रत्येक रेघेला आणि ठिपक्याला स्वतःची माहिती जोडता येते. उतरवून घेताना एलटीआर म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती निवडा.

मोजमाप आधी नीट लावा

नवा प्रोजेक्ट उघडल्यावर पहिलं काम म्हणजे निर्देशांक प्रणाली ठरवणं. मोबाइलचा जीपीएस अक्षांश-रेखांश देतो, त्या प्रणालीचा क्रमांक ईपीएसजी ४३२६. त्यात अंतर अंशांत येतं आणि केबलचे मीटर काढताना गोंधळ होतो. आपल्यासाठी मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम प्रणालीचा झोन ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ हा योग्य. तो ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा पट्टा आहे, आणि कारवार, बेळगाव ते बिदर असा सगळा सीमाभाग त्यात बसतो. प्रोजेक्ट आणि तुमचे सगळे नवे लेयर (नकाशातले माहितीचे थर) यातच ठेवा. मग केबलची लांबी थेट मीटरमध्ये मिळते.

पार्श्वभूमीला ओपनस्ट्रीटमॅप लावा. ब्राउझर पॅनेलमधल्या 'एक्सवायझेड टाइल्स'मधून तो एका क्लिकवर येतो. खेड्यांत त्यातल्या पाणंदी आणि आतल्या गल्ल्या अर्धवटच असतात. तुम्ही फिरून गोळा केलेल्या वाटा तिथे भरल्यात, तर पुढच्या माणसाचंही काम सोपं होईल. सर्व्हे नंबर आणि जमिनीच्या हद्दी पाहायला कर्नाटक राज्य सुदूर संवेदन केंद्राचं 'दिशांक' हे मोबाइल ॲप कामाचं आहे.

गावांच्या नावांबाबत आत्ताच एक शिस्त लावून घ्या. एकाच गावाचं नाव पंचायतीच्या कागदात एका तऱ्हेने, जुन्या नकाशात दुसऱ्या तऱ्हेने आणि इंग्रजीत तिसऱ्याच स्पेलिंगने सापडतं. नावावरून तक्ते जोडायला गेलात तर निम्मी गावं गळतात. केंद्र सरकारच्या एलजीडी (लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी) यादीत प्रत्येक गावाला आणि ग्रामपंचायतीला स्वतंत्र क्रमांक आहे. तक्ते त्या क्रमांकाने जोडा, आणि नावासाठी मराठी, कन्नड व इंग्रजी असे तीन रकाने ठेवा. नकाशा छापताना कुठल्या लिपीत हवा ते नंतर ठरवता येतं. एकाच टोळीत एक लाइनमन मराठी वाचणारा आणि दुसरा कन्नड वाचणारा असतो, तेव्हा हे तीन रकाने रोज उपयोगी पडतात.

लेयर कोणते हवेत

सगळं एका जिओपॅकेज फाइलमध्ये ठेवा. शेपफाइल या जुन्या प्रकारात एका लेयरचे चार-पाच तुकडे असतात, त्यातला एक हरवला की सगळं गेलं. शिवाय तिथे रकान्याचं नाव दहा अक्षरांपुरतंच मिळतं.

सहा लेयर पुरतात: घरं, पोल, केबल, क्लोजर आणि स्प्लिटर (एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणारा भाग), रस्ते, आणि अडथळे. अडथळे म्हणजे नाला, पूल, रेल्वे फाटक, मोठ्या दाबाची विजेची लाइन, जंगलाची हद्द. प्रत्येक पोलला आणि क्लोजरला कधीही न बदलणारा क्रमांक द्या आणि तोच क्रमांक प्रत्यक्ष पोलवर रंगवा. केबलच्या लेयरमध्ये कोअरची संख्या, केबलचा प्रकार, हवेतून की जमिनीतून, कुठून कुठे, टाकल्याची तारीख असे रकाने करा. जिथे ठरावीक उत्तरंच शक्य आहेत तिथे 'व्हॅल्यू मॅप' लावून यादीतून निवडायला लावा. नाहीतर एक जण '२४', दुसरा '२४ कोअर', तिसरा '२४एफ' लिहितो आणि बेरीज जमत नाही.

रेघा काढण्याआधी स्नॅपिंग चालू करा, ते चुंबकाचं चिन्ह. केबल प्रत्येक पोलच्या ठिपक्याला चिकटूनच पुढे गेली पाहिजे. पडद्यावर टेकलेली दिसणारी रेघ आत अर्धा मीटर लांब असेल, तर सॉफ्टवेअरच्या लेखी ती केबल तुटलेलीच असते.

गावात पायी फिरा

क्यूफील्ड हे क्यूजीआयएसचं मोबाइलवर चालणारं भावंड आहे. लॅपटॉपवर केलेला प्रोजेक्ट त्यात घाला, आणि गल्लीत उभं राहून पोल नोंदवा, फोटो जोडा. साध्या मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली चार-पाच मीटर इकडे-तिकडे दाखवतो, दाट झाडीत आणि अरुंद गल्लीत त्याहून जास्त. शहापूर किंवा अनगोळच्या जुन्या गल्लीत एवढ्या फरकाने पोल समोरच्या घराच्या परड्यात जाऊन बसतो. म्हणून ठिपका पडला की तो उपग्रहचित्रावर बघून हाताने योग्य बाजूला सरकवा, आणि पोल रस्त्याच्या कुठल्या अंगाला आहे हे रकान्यात लिहा.

फिरायची वेळही विचार करून निवडा. जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात सर्व्हे करणं जवळपास अशक्य असतं. पण पाऊस ओसरल्यावर लगेच गेलात तर पाणी कुठून वाहिलं, कुठे दरड सुटली, हे ताजं दिसतं. ऊसपट्ट्यात, म्हणजे निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणीकडे, ऊस उभा असताना पाणंदी आणि बांध दिसत नाहीत. पण गळीत हंगामात एकदा तरी जाच, कारण तेव्हाच भरलेल्या ट्रॉलीची उंची बघायला मिळते. केबल रस्ता ओलांडते त्या प्रत्येक ठिकाणी खालच्या मोकळ्या उंचीसाठी रकाना ठेवा. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर शक्य तिथे केबल जमिनीखालून न्या.

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठच्या गावांत आणखी एक काम करायचं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे जाणत्या माणसांना विचारा. भिंतीवर, देवळाच्या पायरीवर खूण दाखवणारं कुणीतरी भेटतंच. ती खूण नकाशावर नोंदवा. अवकाशातून रडारने मोजलेला एसआरटीएमचा उंचीचा डेटा मोफत मिळतो, पण त्याचा एक चौकोन साधारण ३० मीटरचा असतो आणि उंचीत काही मीटरची चूक असू शकते. पाणी पेटीत शिरणार की नाही हे त्यावरून ठरवू नका. गावकऱ्यांनी दाखवलेली रेष जास्त भरवशाची. ओएलटीची (जिथून सगळ्या घरांकडे प्रकाश निघतो त्या मुख्य उपकरणाची) खोली आणि मुख्य क्लोजर त्या रेषेच्या वर असले पाहिजेत.

घरांवरून स्प्लिटर, स्प्लिटरवरून मार्ग

नवखे आधी रस्त्यावरून केबल ओढतात आणि मग घरं कुठे बसतात ते बघतात. क्रम उलटा ठेवा. आधी घरं मोजा.

उपग्रहचित्रांवरून काढलेले इमारतींचे आकार मोफत मिळतात, गूगलचा ओपन बिल्डिंग्ज त्यातलाच एक. सुरुवातीला तो घ्या, पण आकडा तसाच धरू नका. निपाणी भागात तंबाखूच्या वखारी, ऊसपट्ट्यात गुऱ्हाळं, सगळीकडे गोठे हे सगळं त्यात 'इमारत' म्हणून मोजलं जातं. उलट एका जुन्या वाड्यात चार भावांचे चार संसार असतात आणि छप्पर एकच दिसतं. हे पायी फिरल्यावरच सुधारतं.

घरं पक्की झाली की प्रोसेसिंग टूलबॉक्समधलं 'के-मीन्स क्लस्टरिंग' चालवा. घरांचे जवळजवळचे गट पडतात, आणि प्रत्येक गटाच्या मध्याजवळचा पोल ही स्प्लिटरची पहिली अंदाजी जागा. हे साधन फक्त सरळ अंतर पाहतं. मध्ये नाला आहे, रेल्वे रूळ आहे, हे त्याला कळत नाही. मिरज–लोंढा लोहमार्ग ज्या गावांना मधोमध चिरत जातो तिथे रुळाच्या दोन्ही अंगांचे गट वेगळेच ठेवा. दोन-चार घरांसाठी रूळ ओलांडायची परवानगी मागण्यापेक्षा एक स्प्लिटर जास्त बसवणं परवडतं.

खानापूरच्या रानातल्या वाड्या रस्त्याकडेला माळेसारख्या पसरलेल्या असतात, पाच घरं इथे, मग किलोमीटरभर काही नाही, पुन्हा सात घरं. तिथे एकाच ठिकाणी मोठा स्प्लिटर बसवण्यापेक्षा असमान कपलर बरा पडतो. १०/९० च्या कपलरमधून दहा टक्के प्रकाश त्या वाडीला उतरवायचा आणि नव्वद टक्के पुढे जाऊ द्यायचा. दहा टक्क्यांच्या बाजूला १० डीबीहून (डेसिबलहून) थोडा जास्त लॉस, म्हणजे प्रकाशाची घट, पडतो, पण पुढे जाणाऱ्या बाजूला तो जेमतेम अर्धा ते पाऊण डीबी असतो.

मार्गासाठी नेटवर्क ॲनालिसिसमधलं 'शॉर्टेस्ट पाथ' वापरा. तो सर्वांत छोटा मार्ग दाखवेल. तुम्हाला सर्वांत सोपा हवा, आणि सोपा मार्ग परवानग्यांवर ठरतो.

रस्त्यांच्या लेयरमध्ये 'मालक' असा रकाना करा: ग्रामपंचायत, महानगरपालिका, सार्वजनिक बांधकाम खातं, राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, वनखातं, पाटबंधारे. मग केबलची रेघ मालकाप्रमाणे तोडून प्रत्येकाच्या हद्दीतली लांबी काढा. परवानगीच्या अर्जात हाच आकडा लागतो. महामार्ग ४८ ओलांडायचा म्हटलं की एका अर्जाने काम महिनोन्‌महिने अडू शकतं, म्हणून आधीपासून असलेल्या मोऱ्या आणि भुयारी वाटा अडथळ्यांच्या लेयरमध्ये टिपून ठेवा. दूरसंचार मार्गाधिकाराचे २०२४ चे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. खोदण्याआधी 'कॉल बिफोर यू डिग' ॲपवर नोंद करा. मार्च २०२३ मध्ये सुरू झालेलं हे ॲप खोदणाऱ्याची आणि जमिनीखालच्या वाहिन्यांच्या मालकांची गाठ घालून देतं. विजेच्या खांबांवरून केबल न्यायची तर हेस्कॉमची, म्हणजे इथल्या वीज कंपनीची, परवानगी लागते. मोठ्या दाबाच्या लाइनचे खांब आराखड्यात धरूच नका, तिथे लाइनमनचा जीव जातो.

सीमेवरच्या गावांसाठी हे आणखी बारकाईने बघावं लागतं. बेळगाव–वेंगुर्ला रस्त्यावर बाची कर्नाटकात आणि शिनोळी महाराष्ट्रात. पाहुणे, बाजार, शाळा सगळं सामाईक, त्यामुळे शिनोळीतून जोडणीची मागणी येणारच. पण केबलने हद्द ओलांडली की रस्त्याचं खातं बदलतं, खांब हेस्कॉमऐवजी महावितरणचे होतात, आणि तुमच्या इंटरनेट परवान्याचं क्षेत्र तिकडे पोचतं का हाही प्रश्न येतो. राज्याची हद्द हा स्वतंत्र लेयर ठेवा, आणि परवान्याचा कागद वाचल्याशिवाय तिच्यापलीकडे एकही स्प्लिटर आखू नका.

खोदण्याआधी ग्रामपंचायतीत एक फेरी मारा. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायच्या केंद्राच्या भारतनेट योजनेतून तिथे आधीच फायबर आलेलं असू शकतं. २०११ साली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर झालेल्या या योजनेतले मोकळे कोअर भाड्याने मिळण्याची सोय आहे. तसे मिळाले तर फीडरचं खोदकामच वाचतं.

जमीन कशी आहे यावर खोली आणि खर्च ठरतो. भारतनेटच्या जमिनीखालच्या केबलसाठी खोली १.६५ मीटर धरलेली आहे. पश्चिमेच्या जांभ्या दगडात एवढं खोदणं फार महाग पडतं. पूर्वेच्या काळ्या रेगडीत खोदणं सोपं, पण ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पोल कलतात. पोलच्या लेयरमध्ये मातीचा प्रकार लिहून ठेवला की कुठे पाया काँक्रीटचा करायचा हे कळतं.

लॉसचा हिशेब

जीपॉनमध्ये, म्हणजे एका फायबरवरून स्प्लिटरने अनेक घरं जोडायच्या पद्धतीत, ओएलटीकडून घराकडे १४९० नॅनोमीटरवर आणि घराकडून ओएलटीकडे १३१० नॅनोमीटरवर प्रकाश जातो. बी प्लस वर्गाच्या उपकरणांना एकूण २८ डीबी लॉस चालतो. हिशेब १३१० वर करा, कारण तिथे फायबरमधला लॉस जास्त, किलोमीटरला साधारण ०.३५ डीबी.

समजा, सर्वांत लांबचं घर ओएलटीपासून १२ किलोमीटरवर आहे. फायबरचे ४.२ डीबी. आधी १:४ चा स्प्लिटर, ७.२ डीबी. मग १:८ चा, १०.५ डीबी. आठ स्प्लायस (फायबर वितळवून केलेले जोड), प्रत्येकी ०.१ प्रमाणे ०.८. चार कनेक्टर, प्रत्येकी ०.५ प्रमाणे २. बेरीज २४.७ डीबी, शिल्लक ३.३. हा आराखडा चांगला आहे.

आता कुणी म्हणालं, एका पोर्टवर ३२ ऐवजी ६४ घरं बसवू, पैसे वाचतील. मग दोन्ही स्प्लिटर १:८ चे, मिळून २१ डीबी. बेरीज बरोबर २८. कागदावर हे बसतं आणि पहिल्या दिवशी चालेलही. पण केबल तुटल्यावर मध्ये तुकडा घालून जोडली की दोन नवे स्प्लायस येतात, आणि लूप (जॉइंटपाशी गुंडाळून ठेवलेली जादा केबल) कुठे दुमडला तर आणखी लॉस. शिल्लक शून्य असलेल्या घराचं इंटरनेट पहिल्याच दुरुस्तीत जातं, आणि ते घर नेमकं सर्वांत लांबच्या वाडीतलं असतं. तीन डीबी राखीव ठेवल्याशिवाय आराखडा पास करू नका. क्यूजीआयएसमध्ये घरांच्या लेयरवर एक व्हर्च्युअल फील्ड करून हे सूत्र घाला आणि २५ च्या वर गेलेली घरं लाल रंगात दाखवा. जवळच्या घरांकडेही लक्ष असू द्या: घरच्या उपकरणावर प्रकाशाची पॉवर उणे ८ डीबीएमहून (डीबीएम हे पॉवरचं माप) जास्त पोचली तर तेही बिघडतं.

कोअर आणि रंग

गावात आज लागतात त्याच्या किमान दुप्पट कोअर टाका. २४ कोअरच्या केबलची किंमत १२ च्या दुप्पट होत नाही, आणि खोदाईचा खर्च तोच राहतो. बारा कोअरचा क्रम निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी असा. केबल घेताना तिच्या कागदावरून तो ताडून घ्या. प्रत्येक क्लोजरसाठी वेगळा तक्ता ठेवा: कुठल्या केबलचा कुठला रंग कशाला जोडला. हा तक्ता क्लोजरच्या क्रमांकाने नकाशाला जोडला, की ठिपक्यावर बोट ठेवताच आतली जोडणी दिसते.

तुटलेली जागा सापडेल असा नकाशा

या भागासाठी सर्वांत जास्त वेळ द्या.

ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून तूट किती अंतरावर आहे ते मोजणारं उपकरण) जे अंतर दाखवतं ते फायबरचं असतं, रस्त्याचं नव्हे. केबल पोलांमध्ये झोळ घेते, केबलच्या आत फायबर किंचित लांब असतं, आणि जॉइंटपाशी लूप गुंडाळून ठेवलेले असतात. समजा, ओटीडीआरने ५,४८० मीटरवर तूट दाखवली. त्याआधी २० मीटरचे पाच लूप आहेत, ते १०० मीटर वजा केले की ५,३८०. झोळ आणि आतली जादा लांबी मिळून दोन टक्के धरली, तर जमिनीवर हे अंतर येतं साधारण ५,२७५ मीटर. फरक दोनशे मीटरचा, म्हणजे ५० मीटरवर पोल असतील तर चार पोल पुढे जाऊन शोधाशोध.

यावर उपाय केबलवरच छापलेला आहे. केबलच्या वेष्टनावर दर मीटरला आकडा असतो. केबल टाकताना प्रत्येक क्लोजरपाशी आत जाणारा आणि बाहेर येणारा आकडा, आणि दर चौथ्या-पाचव्या पोलवरचा आकडा क्यूफील्डमध्ये नोंदवा. लूपचे मीटर वेगळ्या रकान्यात. मग तूट शोधताना ओएलटीपासून मोजत बसायचं नाही. ओटीडीआरच्या आलेखात तुटीच्या अलीकडचा शेवटचा जॉइंट ओळखायचा, तिथून पुढचं अंतर घ्यायचं, आणि त्या जॉइंटच्या आकड्यात मिळवून कुठल्या दोन पोलांमध्ये बसतं ते पाहायचं. जवळचं मोजमाप असल्यामुळे चूक काही मीटरांवर येते. ओटीडीआरमध्ये अपवर्तनांक केबलच्या कागदावरचाच टाका. तो १.४६७–१.४६८ च्या आसपास असतो, आणि चुकला तर अंतर सरकतं.

लॅपटॉप जवळ असेल तर 'इंटरपोलेट पॉइंट ऑन लाइन' हे साधन जमिनीवरच्या अंतराचा ठिपका थेट रेघेवर टाकून देतं. तो ठिपका लाइनमनच्या मोबाइलवर पाठवता येतो.

आकडे टिपायचा कंटाळा येतो, हे खरं आहे. केबल टाकणारी टोळी घाईत असते, ठेकेदाराला मीटरप्रमाणे पैसे मिळतात. म्हणून हे काम टोळीवर सोडू नका. त्या दिवशी नोंदीसाठी एक माणूस वेगळा द्या. त्याची मजुरी पहिल्या पावसाळ्यातच वसूल होते.

छापील नकाशा आणि नोंदी

प्रिंट लेआउटमधलं 'ॲटलस' वापरून गावनिहाय एकेक पान आपोआप तयार करा. पानावर पोलचे क्रमांक, क्लोजर, रस्त्यांची बोलीतली नावं आणि खुणेच्या जागा ठेवा: देऊळ, पाण्याची टाकी, दूध डेअरी, शाळा. रानात रेंज नसते, तिथे हे छापील पानच कामाला येतं, म्हणून ते प्लास्टिकमध्ये घालून गाडीत ठेवा.

दुरुस्ती झाली की नवा जॉइंट, घातलेल्या तुकड्याची लांबी, त्यावरचे मीटर आणि तारीख त्याच दिवशी क्यूफील्डमध्ये भरायला लावा. दोन माणसं वेगवेगळ्या मोबाइलवर नोंदी करत असतील तर क्यूफील्डक्लाउडवर प्रोजेक्ट ठेवा, म्हणजे एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीवर चढत नाही. आठवड्यातून एकदा जिओपॅकेजची प्रत फाइलच्या नावात तारीख घालून दुसऱ्या डिस्कवर काढा. मूळ फाइल बदलायची मुभा एकाच माणसाला द्या.